चाळीस रुपयांचा गोंडा

माझे अक्षर किरटे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ मला कधी बसला नाही. चौथीची परीक्षा झाली, लगेच लग्न झाले, आणि त्यानंतर लेखणी हातात आली ती आता. चुकले असेल तिथे पोटात घालावे. खरे तर कोणी वाचावे म्हणून मी लिहीत नाही. माझ्या डाव्या गालावर वळ आहे. तो कसा झाला हे आळीतल्या मुली विचारतात. तोंडाने सांगू लागले की माझा घसा धरतो. लिहिताना घसा लागत नाही.

जुन्नरात आमचे घर गोंडे करणाऱ्यांचे. बैलाच्या माथ्यावरचे गोंडे, गळ्यातल्या माळा, म्होरक्या, आरसे लावलेल्या झुली, हे सगळे आम्ही घरी करत असू आणि जत्रांतून विकत असू. प्लेगाच्या साली एका आठवड्यात माझे सासरे गेले आणि माझे मालकही गेले. घरात मी आणि सासूबाई राहिलो. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. भाऊबंद म्हणाले, दोघी रांडक्या बायांनी आता जत्रा हिंडू नये, लोकांची दळणे दळावीत. आत्याबाई म्हणाल्या, "दळून पोट भरंल रं. पर जात्याम्होरं बसून जत्रा दिसती व्हय?"

माघात पहिली जत्रा, वैशाखात शेवटची. गाढवावर गाठोडी टाकून आम्ही जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुके पालथे घालत असू. आमचा माल गाड्यांच्या शर्यतीसाठी. गाड्याला चार बैल, पुढे घोडी, आणि पळायला चढाची वाट. तिला घाट म्हणतात. देवाला नवस बोललेला गाडा घाटात पळवायचा, आणि बैलाच्या माथ्यावर गोंडा नसेल तर तो देवाचा अपमान. म्हणून जत्रेच्या सकाळी आमच्या दुकानापुढे ही झुंबड असायची.

दुकान म्हणजे चार बांबू आणि वर घोंगडी. मी आत बसायची. पुढे दोरीवर गोंडे टांगलेले असत, त्यांच्या आडून मला माणसांचे फक्त पाय दिसत. ते मला बरे वाटायचे. लोकर पाटीवर गुंडाळायची, रेशमाने मान आवळायची, कातरीने खालचा घेर कापायचा, आणि गोंडा मांडीवर आपटून फुलवायचा. हात चालू असत आणि कान बाहेर. बाहेर आत्याबाई मशेरीने काळ्या झालेल्या दातांनी गिऱ्हाइकांना फाडून खात असत.

"म्हातारे, दीड आण्याला दे की."

"दीड आण्यात बैलाचं न्हाई जमायचं, तुझं कपाळ सजवून देते. बस खाली."

"लई तोंड चालतंय!"

"तोंडाचं पैसं घेत न्हाई मी. गोंड्याचं दोन आणं काढ."

मी आत पदर तोंडात कोंबून हसत असे. घरी मी कधी हसले असेन असे मला आठवत नाही. जत्रेत गुडीशेव खायची, ढोलाच्या तालावर पाय हलवायचा, कोणाचा बैल कोणाला हरवतो यावर आत्याबाईंशी पैज लावायची. रक्तही मी तिथेच पाहिले. उधळलेला बैल गर्दीत शिरला की माणसे कणसासारखी आडवी होत. खिसेकापू सापडला तर त्याला देवळाच्या पायऱ्यांवर आपटून मारत. शर्यतीच्या निकालावरून काठ्या निघाल्या नाहीत अशी जत्रा क्वचित. आत्याबाई त्यावरही खूश असत. म्हणत, "मारामारीत गोंडं तुटत्यात, मग उद्याला नवं लागत्यात. भांडा रं, भांडा!"

मग तो चैत्र आला. घोड नदीच्या काठचे एक गाव होते, नाव लिहीत नाही. तिथे दोन गाडे शेजारी शेजारी सोडायची रीत होती. वर निशाणापाशी पंच बसत. खालून एवढा धुरळा उठायचा की बैल ओळखू येत नसत, आणि पंच गोंड्याच्या रंगावरून गाडा ओळखत. त्यामुळे घरागणिक रंग ठरलेला होता. गावच्या पाटलांचा लाल. आळे गावच्या एका बागाईतदाराचा हिरवा-पिवळा. ते रंग आजोबांच्या काळापासून चालत आलेले, कोणी बदलत नसे.

त्या वर्षी थोरले पाटील वारले होते आणि गाडा पहिल्यांदाच धाकट्याच्या हातात आला होता. ते सकाळी आले. कातडी जोडे करकरत होते, टाचेला नाल मारलेली. गोंड्यांच्या आडून मला तेच दिसले.

"ते हिरवं-पिवळं काढ."

आत्याबाई म्हणाल्या, "पाटील, ते बोललेलं हाय. आळ्याच्या पावण्यांचं. तुमचं लाल हितं बांधून ठिवलंय."

"लाल माझ्या बापाचा रंग. आता गाडा माझा हाय. काढ म्हणतो न्हवं."

"रंग बदलला तर वरून वळकायचं कसं कुणी?"

"माझं बैल वळकायला गोंडा लागतोय? सारा तालुका वळकतो."

त्यांनी हात घालून गोंडे ओरबाडले. दोरी तुटली आणि एकदम माझ्यासमोर माणसांची तोंडे आली. मी मान खाली घातली. पाटील पैसे न देताच गेले. थोड्या वेळाने आळ्याचे बागाईतदार आले, मोठ्या पोटाचे, हसऱ्या तोंडाचे. झाले ते ऐकून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आत्या. लाल तर लाल. बैल पळायचं हाय, रंग न्हाई." आणि लाल गोंडे घेऊन, पैसे मोजून गेले.

नेमके हेच दोन गाडे जोडीला आले.

मी बांबूला धरून उभी राहून पाहिले. धुरळ्यातून हिरवे-पिवळे हातभर पुढे निघाले आणि निशाण पार झाले. पाटलांचाच गाडा जिंकला होता. पण वरून पंच ओरडले, "आळ्याचा गाडा!" ढोल वाजले, गुलाल उधळला, आणि धुरळा खाली बसायच्या आत आळेकरांच्या डोक्याला मानाचा फेटा बांधून झाला. त्या गावात देवापुढे बांधलेला फेटा कोणाच्या डोक्यावरून उतरवत नाहीत. तो फक्त मेल्यावर उतरतो असे म्हणतात.

पाटील ओरडत वर गेले. आळेकर बिचारे स्वतःच सांगत होते की गाडा यांचा पुढे होता. पण त्यांच्या माणसांना गुलाल चढला होता. कोणीतरी म्हणाले, "बापाचा रंग टाकला, देवानं फेटा टाकला!" त्यावर आधी एक वहाण आली, मग काठ्या, मग जुवातून उपसलेल्या लाकडी शिवळा. आळ्याच्या एका माणसाचा जबडा फुटला, तो हातात दात धरून फिरत होता. सुटलेल्या बैलाने ढोलवाल्याच्या मांडीत शिंग घातले. तो ढोलावरच पालथा पडला, आणि हात पाय हलतील तसा ढोल वाजत राहिला. अंगावर गुलाल किती आणि रक्त किती हे कोणाचे कोणाला कळत नव्हते.

मग पाटील आमच्याकडे वळले.

"हिनं केलं! म्हातारीनं रंगात घोळ घातला!"

आत्याबाई पुढे झाल्या. "म्यां घातला? आरं, वरबाडून तूच न्हेलंस न्हवं! पैका बी दिला न्हाईस!"

पाटलांच्या हातात शिवळ होती. तिचा फटका आत्याबाईंच्या उजव्या हातावर बसला. तुरीची काटी मोडते तसा आवाज झाला. त्यांच्या माणसांनी बांबू उपटले, घोंगडी फाडली, आणि दोन बैल दुकानावरून हाकले, परत फिरवले, पुन्हा हाकले. झुली विहिरीत टाकल्या. नालेचे जोडे लोकरीवर नाचत होते. मी गाठोड्याला मिठी मारून पडले होते, मला केस धरून बाजूला फेकले. आत्याबाई मोडलेला हात पोटाशी धरून शिव्या देत होत्या, आणि शिवी संपली की दुसरी सुचेपर्यंत थुंकत होत्या.

तो सगळा माल उधारीचा होता. जुन्नरातल्या मारवाडी शेटजींकडून सगळ्या जत्रांसाठी लोकर, रेशीम आणि आरसे उचलले होते, चाळीस रुपयांचे. दुसऱ्या दिवशी गावकीने देवळात बसून ठरवले की नुकसानीचे चाळीस रुपये पाटलांनी द्यावेत. पाटील देवाकडे बघून म्हणाले, "देतो." आणि दिले नाहीत.

शेटजी आमच्यावर ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. म्हणाले, "बाई, मी लोकर उधार दिली व्हती, मारामारी न्हाई. पुढच्या सालच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतो. चाळीस रुपये आले तर पुन्हा माल. न्हाई आले तर आपला वेव्हार संपला." जुन्नरात दुसरे कोणी आम्हाला उधार देणारे नव्हते. म्हणजे दळण. आणि आत्याबाईंना तर एका हाताने दळताही आले नसते. वैदूने हात बांधला होता, पण तो वाकडाच जुळला.

तुडवलेले गोंडे मी गोळा करून आणले होते. कुकडी नदीवर बसून धुतले. लोकरीतून शेण निघाले, गुलाल निघाला, कोणाचा तरी एक दात निघाला. रंग एकमेकांत उतरले होते. सोडवून पुन्हा बांधले तेव्हा प्रत्येक गोंडा बारा भानगडींचा झाला, कोणत्याच घराचा नाही.

तेच घेऊन वैशाखात एका जत्रेला गेलो. आत्याबाईंना ताप होता, त्या आत पडून होत्या. पुढे मला बसावे लागले. दोरी होती, पण तिच्यावर टांगण्याइतका माल नव्हता, त्यामुळे मी उघडी पडले. कोणी भाव विचारला की मी बोटे दाखवायची. तेवढ्यात समोर एक माणूस येऊन उभा राहिला. मी मान वर केली नाही, पण त्याचे जोडे मी ओळखले. पाटलांच्या गड्यांपैकी एक. त्याच जोड्यांनी लोकर तुडवली होती.

"गोंडा कसा?"

मी म्हणाले, "पाटलांच्या घराला चाळीस रुपये. बाकी सगळ्यांना दोन आणे."

शेजारी बांगड्यांवाला होता, तो कासार एकदम हसत सुटला. "काय? काय म्हणाली पोरगी? पुन्हा सांग!"

मी पुन्हा सांगितले. आत आत्याबाई हसू लागल्या आणि हात दुखला म्हणून कण्हू लागल्या, आणि कण्हता कण्हता पुन्हा हसू लागल्या. गडी तसाच गेला. संध्याकाळपर्यंत रांग लागली. लोकांना गोंडा नुसता निमित्त होता, मला भाव विचारायचा होता.

"बाई, मी पाटलाचा मेव्हणा, मला कसा?"

"चाळीस."

"अन् पाटलाच्या मेव्हण्याचा शेजारी?"

"दोन आणे."

मी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हते, पण बोलत होते. मला मजा येऊ लागली. कोणी मला काही विचारते, मी उत्तर देते आणि दहा माणसे हसतात, हे मला ठाऊकच नव्हते. त्या दिवशी सगळे गोंडे खपले. त्या पैशांतून पुढच्या जत्रांपुरती थोडी लोकर रोखीने घेतली.

पुढच्या माघापर्यंत ही गोष्ट आमच्या आधी गावोगाव पोचली होती. पाटलांनी कोणाकडून तरी आमचे लाल गोंडे मागवून बैलांना बांधले. पण त्यांचा गाडा घाटात सुटला की भिर्रर्र करायच्या ऐवजी लोक ओरडत, "चाळीस रुपये! चाळीस रुपये!" बैल बावरत. एकदा घोडीच बुजली आणि गाडा निशाणाआधी उलटला. हाकणाऱ्याच्या बरगड्या मोडल्या. लोकांनी तेव्हाही तेच ओरडून गंमत केली. मला त्या माणसाचे वाईट वाटले. पण भाव मी उतरवला नाही.

फाल्गुनात पाटील स्वतः आले. हातात आसूड होता. मी पाटीवर लोकर गुंडाळत होते.

"ए रांडके, काय भाव लावलास?"

पाटील वाट बघत होते, भोवती माणसे गोळा झाली होती. मला एवढेच येत होते, तेवढे मी म्हणाले. "चाळीस रुपये."

पहिला आसूड पाठीवर बसला. दुसरा गालावर. आसुडाचे टोक माझ्या हातातल्या लोकरीत गुंतले आणि पाटलांनी ओढले तशी मी पाटीसकट दुकानाबाहेर फरफटत आले. तोंडात माती आणि रक्त होते. पाटील म्हणाले, "आता बोल." मी बोलले. ते हसवण्यासाठी नव्हते. मला दुसरा शब्द सुचतच नव्हता. आत्याबाईंनी मागून येऊन त्यांच्या मनगटात दात रुतवले. पाटील त्यांना झटकत होते, लाथा घालत होते, आणि त्या गोचिडीसारख्या चिकटून होत्या.

लोकांनी पाटलांना तिथेच आडवे केले. आळेकर त्यांत होते, कासार होता, आणि ज्यांच्याकडे मी कधी बघितले नव्हते अशी कितीतरी माणसे होती. पाटलांचाच आसूड पाटलांवर चालला. ते गुडघ्यावर रांगत होते आणि वरून जोडे पडत होते. कोणी सोडवायला गेले नाही. मी मातीत बसून एका डोळ्याने बघत होते, दुसरा सुजून मिटला होता. मला बरे वाटत होते, ते काही लपवण्यासारखे नाही.

आठवडाभराने त्यांच्या गावचा गुरव आमच्या घरी आला आणि वीस रुपये ठेवून गेला. म्हणाला, "पाटलांनी दिल्यात. आता तेवढं बंद करा म्हनलं."

आत्याबाई म्हणाल्या, "करू की. निम्मं बंद करू."

पुढच्या जत्रेत मी भाव सांगितला, "पाटलांच्या घराला वीस रुपये." लोकांना हे चाळीसपेक्षा जास्त आवडले. घाटात आरोळी बदलली. "वीस रुपये! निम्मं फेडलं रं, निम्मं ऱ्हायलं!" आधी पाटील नुसते बुडवे होते, आता अर्धवट बुडवे झाले. आळेकर मला येऊन म्हणाले, "पोरी, हे लई वाईट केलंस. मारण्यापरीस वाईट." आणि पोट धरून हसले.

त्याच सुमारास पाटलांच्या बहिणीची सोयरीक ठरत होती. मंचरकडचे पाहुणे बघायला आले, जेवले, पान खाल्ले, आणि त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने सहज विचारले, "ते वीस रुपयेवाले पाटील ते तुमीच व्हय?" हे आम्हाला कासाराने सांगितले. त्याला पाटलांच्या घरी बांगड्या भरायला बोलावले होते आणि सोयरीक फिसकटल्यावर तसेच परत पाठवले होते.

चैत्रात पुन्हा त्याच गावची जत्रा आली. आत्याबाई म्हणाल्या, जायचे. मी म्हणाले, मारतील. त्या म्हणाल्या, "मारतील तर मारतील. पर तिसरी वाईट, आन् ती जवळ आलीया." अक्षय्य तृतीयेला त्या तिसरी म्हणत.

पाटील दुपारी आले. एकटेच. भुवईवर जुनी खपली होती, मनगटावर दातांच्या खुणा होत्या. आसूड नव्हता. कासाराने बांगड्यांची पेटी मांडीखाली ओढून घेतली.

पाटील म्हणाले, "माझ्या घराला काय भाव?"

"वीस रुपये."

त्यांनी कमरेची पैशांची कशी सोडली आणि रुपये माझ्यासमोर मांडले, एकावर एक. मी मोजले. मग आत्याबाईंनी डाव्या हाताने मोजले. मग कासाराने, कोणी सांगितले नसताना, मोजले.

"आता?" पाटील म्हणाले.

"दोन आणे."

पाटलांनी टांगलेला एक लाल गोंडा चाचपून पाहिला. मग म्हणाले, "दीडला देशील?"

कोणीतरी फुसकन हसले. माझ्या तोंडातून निघून गेले, "दीडमध्ये बैलाचं न्हाई जमायचं, पाटील." पुढचे मी गिळले. त्यांच्या भुवईवरची खपली ताणली गेली आणि हात कमरेकडे गेला, तेव्हा माझी पाठ आपोआप आक्रसली. पण त्यांनी दोन आणे काढले. लाल घेतला. त्यांचा गाडा घाटात सुटला तेव्हा लोक भिर्रर्रच म्हणाले. तरी त्या संध्याकाळी दुसऱ्याच दोन गावांत काठ्या निघाल्या आणि एका माणसाचा कान तुटला. आत्याबाई बांबू काढायचे सोडून बघायला पळाल्या.

तिसरीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी शेटजींच्या पेढीवर गेलो. मी पदराची गाठ सोडली. शेटजींनी एकेक रुपया फरशीवर वाजवून पाहिला आणि खोटा एकही निघाला नाही. चाळीसच्या चाळीस. त्यांनी आमच्या नावावर आडवी रेघ ओढली, आणि मी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाले, हिरवी आणि पिवळी लोकर दाखवा.